पिनांचं साप्ताहिक

साप्ताहिकाची घट्ट गुंडाळी करून माणसाला मारलं तर आवाज मोठा होतो, पण वळ सहसा उठत नाही. कागद गुळगुळीत असतो, गुंडाळी जरा दबते, मार आत जातो आणि वर काही दिसत नाही. हे मला कुठल्याही पुस्तकाने शिकवलं नाही. सिंगापुरातल्या टॅम्पिनीसमधल्या आमच्या ब्लॉकमध्ये बरोबर माझ्या डोक्यावर राहणाऱ्या बाईने शिकवलं. तिला ज्या साप्ताहिकांनी मार बसायचा ती मीच तिला नेऊन देत होते.

माझं काम फ्रेंच साप्ताहिकं फाडायचं होतं. पुण्यात अकरावीला मार्क चांगले पडतात म्हणून फ्रेंच घेतलं होतं. मग ते अंगात भिनलं, पुढे पदवीपर्यंत गेलं, आणि नवऱ्याच्या नोकरीपायी सिंगापुरात आल्यावर तेच कामी आलं. इथे मी डिपेंडंट पासवर होते. म्हणजे सरकारदरबारी माझी ओळख काय, तर नवऱ्यावर अवलंबून असलेली. त्या शब्दाने माझं डोकं फिरायचं, म्हणून मिळेल ती नोकरी धरली. एका औद्योगिक इमारतीत, खाली माशांच्या बर्फाचा कारखाना आणि वर आमची छोटी कचेरी. विमानं, अत्तरं आणि तोफा विकणाऱ्या फ्रेंच कंपन्यांच्या इथल्या साहेबांना तिकडच्या साप्ताहिकांत काय छापून आलंय हे आठवड्याच्या आठवड्याला हवं असायचं, तेही इंग्रजीत आणि थोडक्यात. ते मी लिहायचे.

तीन साप्ताहिकं विमानाने यायची, प्रत्येकाच्या दोन प्रती. एक फाडायची, एक राखून ठेवायची. दोन साप्ताहिकांची पाठ गोंदाने चिकटवलेली, चौकोनी, टणक. ती पाठ कटरखाली धरून छाटावी लागायची, तेव्हा कुठे पानं सुटी होऊन स्कॅनरमधून जायची. तिसरं मात्र मधोमध दोन पिना मारलेलं. त्या पिना मी बोटांनी आणि एका चपट्या पात्याने उपसायचे. इतक्या उपसल्या, की डोळे मिटूनही दोन पिनांमधलं अंतर मी अंगठा आणि तर्जनी थोडी फाकवून दाखवू शकले असते. बोटांना भोकं पडायची. नवरा म्हणायचा, कचेरीत जातेस की भरतकामाला.

आमच्या कचेरीची मुख्य बाई फ्रेंच होती, साठीला टेकलेली. पॅरिसमध्ये एका मोठ्या साप्ताहिकात तिची हयात गेली होती. ते साप्ताहिक फोन विकणाऱ्या कुणा धनाढ्याने घेतलं आणि ती बाहेर पडली. त्यांच्याकडे तसा कायदाच आहे. मालक बदलला तर पत्रकाराला भरपाई घेऊन मानाने नोकरी सोडता येते. "नवऱ्याच्या बाबतीत असा कायदा नव्हता," ती म्हणायची, "तिथून सुटायला मला फार वर्षं लागली." हे ती सिगरेट विझवता विझवता सांगायची, आणि मग लगेच माझ्या मजकुरातला एखादा शब्द खोडायची.

तिच्या धंद्याची भाषा वेगळीच होती. पहिल्याच आठवड्यात ती म्हणाली, अमुक बातमी 'उर्स'च्या वर आहे बघ. मी मनात म्हटलं, फ्रेंच साप्ताहिकात दर्ग्याचा उरूस कुठून आला? अर्धा दिवस मी मुसलमान, जत्रा, पीर असलं काहीतरी शोधत बसले. उर्स म्हणजे अस्वल, आणि संपादक, छापणारे, मालक यांची नावं जिथे असतात त्या चौकटीला ते लोक अस्वल म्हणतात, हे कळल्यावर मी माझ्यावरच हसले. तिला उरूस समजावून सांगितला तर ती गंभीरपणे म्हणाली, बरोबर आहे, तिथेही मेलेल्यांचीच नावं असतात. साप्ताहिकं मरतायत असं ती सतत म्हणायची. खप घसरतोय, नाक्यावरचे पेपरचे ठेले उठतायत, जुने मालक विकतायत आणि नवे मालक माणसं छाटतायत. आमचं कामही कागदावर फार दिवस टिकणार नाही हे तिला माझ्याआधी कळलं होतं.

आणि मरता मरता ही साप्ताहिकं आरडाओरडा करायची. मुखपृष्ठावर कायम युद्ध. शाळांचं युद्ध, घरांच्या किमतींचं युद्ध, दोन मंत्र्यांचं युद्ध. एकदा तर चीजचं युद्ध होतं, आणि आत दोन गावांचा लोण्यावरून झालेला वाद. वर्षाकाठी ठरलेले विषय पुन्हा पुन्हा यायचे, गुप्त संघटना, पगार, देशातली उत्तम इस्पितळं. मी मुख्यला म्हणायचे, तुमच्याकडे भांडल्याशिवाय काही खपतच नाही का. ती म्हणायची, तुमच्याकडे खपतं?

तिचा एकच नियम होता. मुळात जे क्रियापद आहे त्याहून कडक लिहायचं नाही आणि त्याहून मऊही लिहायचं नाही. २०१५ सालच्या जानेवारीत पॅरिसमध्ये एका साप्ताहिकाच्या कचेरीत बंदुका घेऊन माणसं शिरली आणि तिथे बसलेल्यांना त्यांनी मारून टाकलं, तेव्हा मी गोषवाऱ्यात लिहिलं होतं, 'प्राण गमावले.' मला ते सभ्य वाटलं होतं. मुख्य त्या दिवशी रडून आली होती, डोळे सुजलेले होते. तिने ते दोन शब्द इतक्या जोरात खोडले की कागद फाटला. "गमावले म्हणजे काय, छत्री आहे का?" ती म्हणाली. "ठार मारले. तसं लिही." पुढचे आठवडे आम्ही काळी मुखपृष्ठं स्कॅन करत होतो. पिना उपसताना मला सारखं वाटायचं, ज्या टेबलांवर ती माणसं मारली गेली ती टेबलं आमच्या टेबलासारखीच असणार, कात्री, पट्टी, पिनांची डबी, थंड झालेली कॉफी.

त्याच वर्षी माझ्या डोक्यावरच्या घरात ती बाई, माझी 'वरची', राहायला आली.

लिफ्टमध्ये मी फोनवर बोलत होते. ती म्हणाली, "ताई, तुम्ही मराठी ना?" सांगलीची होती, इंजिनिअर होती, आणि नवऱ्याच्या पासवर घरात बसून होती. नवरा आयटीत मॅनेजर, दिसायला सज्जन, लिफ्टचं दार धरून ठेवणारा. मला तो वहिनी म्हणायचा. मी काय काम करते हे कळल्यावर तिच्या तोंडावर जो भाव आला तो मी विसरलेले नाही. तिने कॉलेजात फ्रेंचच्या दोन परीक्षा दिल्या होत्या. पुढच्या रविवारी ती वही घेऊन माझ्या दारात उभी.

आमच्या कचेरीत एक जागा निघणार होती. मुख्यने शब्द दिला होता, दिवाळीनंतर तुझ्या मैत्रिणीची चाचणी घेईन. वरचीचा हिशेब सरळ होता, आणि तो तिने मला पहिल्या महिन्यातच सांगितला. फ्रेंच आलं तर नोकरी, नोकरी मिळाली तर स्वतःचा पास, आणि स्वतःचा पास असला की इथे राहायला नवऱ्याच्या सहीची गरज नाही. का राहायचंय त्याच्याशिवाय, हे मी विचारलं नाही. मला वाटलं, माझ्यासारखाच तिलाही तो अवलंबून शब्द टोचत असेल.

राखून ठेवलेल्या प्रती महिन्याभराने रद्दीत जायच्या. त्या मी पिशवीत घालून तिच्यासाठी आणायला लागले. माझ्या जेवणाच्या टेबलावर आम्ही मुखपृष्ठावरचे मोठे मथळे वाचायचो, मग किरकोळ बातम्यांचा रकाना. ती हुशार होती, माझ्यापेक्षा चटकन शिकायची. एकदा 'तिरे' हे क्रियापद आलं. ओढणे, छापणे आणि गोळी झाडणे, तिन्हींना एकच शब्द. छापायला परवानगी देताना संपादक जी सही करतो तिच्या नावातही हेच क्रियापद असतं, म्हणजे म्हटलं तर 'छापायला हरकत नाही' आणि म्हटलं तर 'झाडा गोळी.' मी हे मोठ्या ऐटीत सांगितलं. ती म्हणाली, "त्यात काय ताई, आपला छापा तसाच की. छापखान्यातलाही छापा आणि पोलिसांचाही छापा." आम्ही दोघी खूप हसलो.

त्याच दिवसांत वरून आवाज यायचा. फटाक. मग जरा थांबून पुन्हा फटाक. आमच्या ब्लॉकमध्ये कचरा टाकायची नळी प्रत्येकाच्या स्वयंपाकघरातून जाते, आणि तिच्यातून झुरळं वर येतात, ही मोठी मोठी. मीही मासिकाची गुंडाळी करूनच मारायचे. म्हणून मी तिला चिडवलं, "काय गं, तुमच्याकडे झुरळं फार झालीत. परवा तर तासभर मारत होतीस." ती वहीत बघत म्हणाली, "हो ताई. फार झालीत."

मग एका रविवारी तिने शब्दकोशासाठी हात लांब केला आणि बाही वर सरकली. दंडाच्या आतल्या बाजूला दोन लाल टिंबं होती, खाजवल्यासारखी. त्यांच्याखाली आणखी दोन, जुनी, काळी पडलेली. कोपराजवळ पुन्हा दोन. डॉक्टरला ती मच्छर चावल्यासारखी वाटली असती. माझ्या बोटांनी ती डोळ्यांच्या आधी ओळखली. मी वही बाजूला सारली. समोरचं पिनांचं साप्ताहिक उचललं आणि त्याची पाठ तिच्या दंडाला लावली. पिना बरोबर टिंबांवर बसल्या. तिने हात मागे घेतला नाही.

"झुरळं?" मी विचारलं.

"झुरळ मीच, ताई," ती म्हणाली.

मग तिने सांगितलं, भाजीचे भाव सांगावेत तशा आवाजात. आधी तो हातानेच मारायचा, पण हाताचे वळ उठतात. शेजारीपाजारी विचारतात, आणि इथला कायदा कडक आहे हे त्याला पक्कं माहीत. मग माझी साप्ताहिकं घरात आली. त्यांची तिला असलेली ओढ त्याला खुपत होती. एके दिवशी त्याने टीपॉयवरचा अंक उचलला, गुंडाळला आणि म्हणाला, फार आवडतं ना तुला फ्रेंच, मग खा. त्याला आवाज आवडला आणि खूण उरत नाही हे तर फारच आवडलं. पिनांची टिंबं त्याला दिसलीच नव्हती. अंक गुंडाळताना मधली घडी बाहेर आली तर तेवढ्या दोन पिना लागायच्या.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता पोलिसांत जाऊ. तिने माझं मनगट धरलं. "चाचणी होऊ द्या. आत्ता काही केलं तर तो माझा पास रद्द करेल. एका सहीचं काम आहे. मग मी सांगलीत, आणि चाचणी इथे. दिवाळीपर्यंत मी काढीन." मी म्हटलं, निदान साप्ताहिकं तरी बंद करते. त्यावर ती घाईघाईने म्हणाली, "नको. ते बंद झालं तर अभ्यास कसा करू? आणि तो दुसरं काहीतरी शोधेल. फक्त चिकटवलेल्या पाठीची देऊ नका ताई. ती पाठ फार लागते. पिनांचंच द्या."

एखाद्या वाचकाने साप्ताहिकाच्या बांधणीबद्दल याहून नेमकं मत दिलेलं मी ऐकलेलं नाही. त्यानंतर मी तिला पिनांचंच दिलं. दर आठवड्याला मीच कचेरीतून माराचं सामान आणत होते आणि तिच्या हातात ठेवत होते, कारण तेच तिच्या सुटकेचंही सामान होतं. वरून आवाज आला की माझे हात शिवशिवायचे. मी कणिक बडवायचे, भांडी आपटायचे. माझ्या नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "आपण मध्ये पडलो आणि उलटं झालं तर? तुझी नोकरी, माझा पास. आणि ती स्वतःच नको म्हणतेय ना." तो भित्रा माणूस नाही, पण परदेशात पासवर राहणारा माणूस दार वाजलं की आधी कागदपत्रं आठवतो. मी मूग गिळून बसले. माझ्यासारख्या बाईला ते मूग फार जड गेले.

कामातही मन लागेना. किरकोळ बातम्यांच्या रकान्यात तीन ओळींची बातमी यायची, अमुक गावात 'कौटुंबिक शोकांतिका.' नवऱ्याने बायकोला कोयत्याने किंवा शिकारीच्या बंदुकीने मारलेलं असायचं, आणि मथळा शोकांतिका, जणू पूर आला. आमच्या तोफा विकणाऱ्या गिऱ्हाइकांना असल्या बातम्या नको असायच्या, तरी मी त्या वाचायचे. मुख्य म्हणायची, मी या धंद्यात आले तेव्हाही हाच मथळा होता. मी त्या पानांच्या पिना इतक्या जोरात उपसायचे की पान फाटायचं आणि स्कॅनर अडकायचा.

दिवाळी तोंडावर आली होती. शनिवारची दुपार होती. आमच्याकडे चकल्यांचा घाट घातला होता, आणि वरून आवाज सुरू झाला. तो थांबेना. मध्ये काहीतरी पडल्याचा आवाज आला, आणि नंतर तिचा. तोवर तिचा आवाज मी कधीच ऐकला नव्हता. ती किंचाळली नाही, फक्त एकदा 'आई' म्हणाली, एखादं जड ओझं उचलताना म्हणतात तसं. माझा नवरा म्हणाला, थांब. मी सोऱ्या ओट्यावर ठेवला आणि पिठाच्या हातांनीच जिना चढले.

दार त्याने उघडलं. इस्त्रीचा शर्ट, कपाळावर घाम. "या ना वहिनी," तो म्हणाला. "चहा टाकायला सांगू?"

टीपॉयवर पिनांचं साप्ताहिक पडलं होतं आणि ते हलत होतं. घट्ट गुंडाळलेला अंक खाली ठेवला की तो आपोआप हळूहळू उलगडतो. तसा तो माझ्यासमोर उलगडत होता. मुखपृष्ठावर देशातली उत्तम इस्पितळं होती, पांढरे कोट घातलेले हसरे डॉक्टर. स्वयंपाकघराच्या दारात ती बसली होती, भिंतीला टेकून. केस सुटलेले, ओठ फुटलेला. खुर्ची आडवी पडली होती.

"ही जरा पडली," तो म्हणाला. मग आवाज खाली आणून, घरातल्या माणसाशी बोलावं तसं म्हणाला, "एक सांगू का वहिनी, या रद्दीपायी आमच्याकडे फार कटकट होते. तुम्ही नका आणत जाऊ."

मी तो अंक उचलला. अजून गरम होता. मी तो पुन्हा गुंडाळला, घट्ट, घडी बाहेर ठेवून, आणि त्याच्या तोंडावर मारला. एकदा मारून भागलं नाही म्हणून पुन्हा मारला. आवाज खरंच मोठा होतो. "रद्दी?" मी म्हटलं. "तुला रद्दी वाटते ही? घे, वाच." आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला अरे-तुरे करत होते, आणि माराहून तेच त्याला जास्त लागलं असावं असं मला वाटतं. तो मागे सरला, गालाला हात लावला, हाताला रक्ताचा ठिपका लागला तो बघितला. माझ्या अंगात त्या क्षणी जी ताकद होती तिची मला भीती वाटली नाही. आजही वाटत नाही. त्याला आणखी मारायचं राहिलं, एवढीच रुखरुख आहे.

मग त्याने जे केलं ते फक्त इथे राहणारा, स्वतःला कायद्याच्या बाजूचा समजणारा माणूसच करू शकतो. त्याने पोलिसांना फोन केला. "माझ्या घरात घुसून शेजारणीने मला मारलं," त्याने इंग्रजीत नीट सांगितलं, पत्ता आणि ब्लॉक नंबर दिला. बायकोच्या अंगावर खूण नाही, माझ्या हातात मात्र हत्यार आहे, आणि फुटलेल्या ओठाला खुर्ची आहेच, असा त्याचा हिशेब होता. माझा नवरा तोवर दारात येऊन उभा राहिला होता, एका पायात चप्पल. तो आत आला आणि माझ्या शेजारी उभा राहिला.

पोलीस आले ते दोघे, एक मुलगी आणि एक तिच्याहून मोठा गडी. मुलगीच प्रश्न विचारत होती. तुम्ही यांना मारलंत का? मी म्हटलं, हो. कशाने? मी अंक दाखवला. तिने त्याचा गाल बघितला. गालावर दोन लाल टिंबं होती, स्वच्छ, एकाखाली एक. ती म्हणाली, हे कसलं? मी उत्तर द्यायच्या आत वरची उठली.

ती भिंतीला धरून उठली, चालत आली आणि नवऱ्याच्या शेजारी उभी राहिली. एरवी ती त्याच्या इतक्या जवळ कधी उभी राहायची नाही. तिने त्याच्या गालाकडे बघितलं. मग बाही खांद्यापर्यंत वर केली, आणि तो दंड त्याच्या गालाशेजारी धरला. दुसरा हातही दाखवला. मग मान वळवून केस बाजूला केले. सगळीकडे दोन दोन. लाल, काळी, पिवळी पडलेली.

पोलीस मुलीने माझ्या हातातून अंक घेतला, त्याची घडी बघितली, पिना बघितल्या. त्या तिने अंगठ्याने चाचपल्या. तिच्या सोबत्याने त्याला खुर्ची सरळ करून बसायला सांगितलं. मघाशी माझ्याकडे बोट दाखवणारा तो माणूस आता स्वतःचा गाल हाताने झाकत होता.

मग पोलीस मुलीने वरचीला विचारलं, ते मारताना काय बोलतात? जसं बोलतात तसंच सांगा. वरचीला इंग्रजी माझ्याइतकंच चांगलं येत होतं, पण ती मराठीत म्हणाली, "मारीन. आज ना उद्या मारीन."

मुलीने माझ्याकडे बघितलं. याचा अर्थ काय?

माझ्या जिभेवर शब्द तयार होता. ठार मारीन. मला तोच हवा होता, तो लिहिला गेला की हा माणूस संपला. पण त्या क्षणी मला मुख्यची खोडणारी पेन्सिल दिसली. मी म्हटलं, आमच्या भाषेत या क्रियापदाचे दोन अर्थ होतात, फटका मारणे आणि जीव घेणे. कुठला ते हिलाच सांगावं लागेल.

"नुसतं मारणं," तो घाईने म्हणाला. "आमच्याकडे बोलायची पद्धत आहे तशी. आई मुलालासुद्धा म्हणते."

मुलीने त्याला हाताने गप्प केलं आणि तिला विचारलं, मी कुठला लिहू?

तिने पोलीस मुलीच्या हातातल्या उघड्या वहीकडे बघितलं. एकीकडे चाचणी, पास, सांगली, आणि दुसरीकडे त्या वहीत पडणारा एक शब्द. दोन्ही तिला दिसत होतं, आणि मला ते तिच्या तोंडावर दिसत होतं. मग ती इंग्रजीत म्हणाली, "खाली पडलेल्या माणसाला दोन्ही सारखंच ऐकू येतं. दोन्ही लिहा."

इस्पितळांचा अंक पोलिसांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून नेला. मला पुढे ताकीद मिळाली, कडक शब्दांत. नवऱ्याच्या कंपनीत काही कळेल का या धास्तीने आम्ही दोघं काही आठवडे नीट झोपलो नाही. वरच्याला कोर्टाने तिच्या अंगाला हात लावायची बंदी केली. तो शहराच्या दुसऱ्या टोकाला, वुडलँड्समध्ये मित्राकडे राहायला गेला, आणि जाताना त्याने जे करणार म्हणून ती घाबरत होती तेच केलं. तिचा पास रद्द करायचा अर्ज टाकला. देश सोडायची तारीख आली.

मुख्यला मी त्या शनिवारनंतरच्या सोमवारीच सगळं सांगितलं होतं. ती म्हणाली, चाचणी दिवाळीनंतर कशाला, उद्या आण तिला.

तिला नोकरी मिळाली, पास मिळाला नाही. आमच्या कचेरीचा अर्ज सरकारने परत पाठवला, बहुधा कचेरी फार लहान म्हणून. त्याच वर्षाअखेरीस आमच्या तीन साप्ताहिकांपैकी एकाचा मालक बदलला, कागदी प्रती यायच्या बंद झाल्या, आणि पुढच्या वर्षी मुख्य स्वतः परत गेली. वरची भारतात गेली ती एकटी, स्वतः काढलेल्या तिकिटावर. सांगलीला न जाता ती पुण्यात उतरली, आणि आता तिथे अकरावीच्या मुलांना फ्रेंच शिकवते. तिने घटस्फोट मिळवला, आणि तोही आरडाओरडा न करता.

पण मला आठवते ती चाचणीची सकाळ. ओठ अजून नीट बरा झालेला नव्हता. तिने बिनबाह्यांचा कुर्ता घातला होता, मुद्दाम. मुख्यने तिच्यासमोर पिनांच्या साप्ताहिकाचा ताजा अंक ठेवला आणि म्हणाली, हवी ती बातमी घे आणि गोषवारा लिही. तिने अंक उघडला नाही. आधी तो उलटा केला, मधलं पान शोधलं, आणि माझ्या डब्यातलं चपटं पातं मागून घेतलं. मग दोन्ही पिना एकेक करून उपसल्या, सरळ केल्या आणि मुख्यच्या रक्षापात्रात टाकल्या. मुख्यने माझ्याकडे बघितलं. वरचीने सुटी झालेली पानं नीट जुळवली, पेन उघडलं आणि विचारलं, "तुमच्याकडे आधी पिनाच काढतात ना?"